तेव्हा जे बोललात तेच

त्या रविवारी सकाळी साडेदहाला पुढच्या खोलीत माणसं सहा होती, खुर्च्या पाच, स्टूल एक, चहाचे कप सात (एकाचा कान तुटलेला) आणि मतं नऊ. मतांची वाटणी अशी: अक्कांची तीन, मामांची दोन आणि तीही एकमेकांच्या विरुद्ध, लेकीची दोन, जावयांचं एक, माईंचं एक. नानांचं शून्य. नाना स्टुलावर बसले होते. स्टुलावर बसणाऱ्याला मत नसतं असा नियम त्या घरात कुणी केलेला नव्हता, पण मोडलाही नव्हता. सातवा कप तळमजल्यावरच्या अर्जवाल्या काकांचा. ते कचेरीसमोर टंकलेखनयंत्र घेऊन बसत आणि लोकांचे अर्ज लिहून देत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कपात चहा ओतल्याचा आवाज त्यांना दोन मजले खालून कळायचा.

विषय होता नाना आणि माईंच्या लग्नाचा. ते होऊन चाळीस वर्षं होत आली होती, त्यामुळे त्यावर आता काही ठरवायचं उरलं असेल असं नानांना वाटलं नव्हतं. पण लेक औषधांच्या दुकानात काम करायची, आणि तिथल्या एका मैत्रिणीच्या आईवडिलांनी नुकतीच सगळ्या गोतावळ्यासमोर एकमेकांना पुन्हा वचनं दिली होती.

"अख्खं सभागृह रडलं बाबा," लेक म्हणाली.

"एवढं काय बोलले ते?"

"तेच. लग्नात बोलले होते ते. पुन्हा."

"आणि आपल्यात प्रत्येकाने काहीतरी करायचं," जावई म्हणाले. ते बसच्या आगारात वेळापत्रकं आखत, आणि कागद बरोबर घेऊनच आले होते. त्यावर रेघा आधीच मारलेल्या होत्या.

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. त्यांचं म्हणणं, आपण आधी बोलणार, कारण आपण सगळ्यांत मोठ्या. शिवाय शेवटीही आपणच बोलणार, कारण तेच. मामा म्हणजे माईंचे धाकटे भाऊ, विजेच्या मोटारी दुरुस्त करणारे. त्यांना सोहळा साधा हवा होता आणि ध्वनिक्षेपक मोठा हवा होता. अर्जवाले काका म्हणाले की असल्या गोष्टी तोंडी ठेवू नयेत, तीन प्रतींत कराव्यात.

या सगळ्यात माई काहीच बोलल्या नव्हत्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणतीस वर्षं ऑपरेटर होत्या. सगळ्यांचं ऐकून घेऊन मग एकच जोडणी करायची, ही त्यांची जुनी सवय. कप गोळा करता करता त्या म्हणाल्या, "मला नवीन काही नको. अहो, तेव्हा जे बोललात तेच बोला. मला तेवढं पुरे."

"अर्थात," नाना म्हणाले.

आणि स्टुलावर बसल्या बसल्या ते आठवू लागले. आपण तेव्हा काय बोललो होतो, हे त्यांना आठवत नव्हतं.

बोललो होतो, हे मात्र पक्कं आठवत होतं. लग्न नोंदणी कचेरीत झालं होतं. सह्या झाल्यावर तिथले अधिकारी म्हणाले होते, "आता एकमेकांना दोन शब्द बोला." पुढच्या खोलीच्या भिंतीवर त्या क्षणाचा फोटोच होता: नानांचं तोंड उघडं, भुवया वर, चेहऱ्यावर विलक्षण भाव. पाहुण्यांना तो दाखवताना नाना चाळीस वर्षं म्हणत आले होते, "हा मी वचन देताना." कुठलं वचन, असं आजवर एकाही पाहुण्याने विचारलं नव्हतं. पाहुणे फार भिडस्त असतात.

नानांची नोकरी पाणीपुरवठ्यात मीटर तपासण्याची. मीटर जोडायचा, शंभर लिटर पाणी सोडायचं, मापाच्या टाकीत किती भरलं ते बघायचं आणि फरक लिहायचा. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे मीटर खरं बोलतात की खोटं, हे ठरवलेल्या माणसाला स्वतःचंच एक वाक्य सापडू नये! माईंना विचारावं, तर त्याचा अर्थ उघड होता. चाळीस वर्षं जे वचन पाळतोय असा आव आणला, ते कुठलं हेच ठाऊक नाही. त्यापेक्षा साक्षीदार गाठलेले बरे. पंधरा दिवस हातात होते.

पहिल्या अक्का.

"आठवतं म्हणजे? शब्दन् शब्द आठवतो," अक्का म्हणाल्या. "तू म्हणालास, मी हिचा सांभाळ करीन, आणि अक्काने मला लहानाचं मोठं केलंय, तिला कधी अंतर देणार नाही. दर बुधवारी जाऊन भेटेन."

"लग्नात मी बुधवार म्हणालो?"

"स्पष्ट म्हणालास. नंतर येईनासा झालास तो भाग वेगळा."

नानांनी वहीत 'बुधवार?' असं लिहून घेतलं आणि मामांच्या दुकानात गेले. मामा एका मोटारीत तार गुंडाळत होते. हात न थांबवता ते म्हणाले, "भावोजी, मी तुमच्या उजव्या हाताला उभा होतो. या कानांनी ऐकलंय. तुम्ही म्हणालात, हिच्या माहेरच्या माणसांचा मी कधी अपमान करणार नाही. विशेषतः धाकट्या भावाचा."

"विशेषतः?"

"हा शब्द होता. मला तेव्हाच जाणवला."

लेकीचा तर त्या वेळी जन्मही नव्हता. पण तिनेसुद्धा बिनदिक्कत सांगितलं की बाबा, तुम्ही म्हणाला होतात, मुलगी झाली तर तिला हवं ते शिकू देईन. आई नेहमी सांगते. आई असं काही सांगत नव्हती. अर्जवाले काका लग्नानंतर अकरा वर्षांनी त्या इमारतीत राहायला आले, तरी त्यांनी एक मसुदा टंकून दिला. त्याची सुरुवात 'मी खाली सही करणार' अशी होती आणि शेवट 'सबब विनंती' असा. कसली विनंती, ते दोघांनाही सांगता आलं नाही.

नानांच्या वहीत आता चार वचनं जमली होती. एकातही माई अर्ध्या वाक्यापेक्षा जास्त नव्हत्या.

म्हणून सोमवारी ते नोंदणी कचेरीत गेले. कचेरी तीच होती. जिना तोच, फक्त जिथे तेव्हा बाक होता तिथे आता चिठ्ठ्या देणारं यंत्र होतं. नानांना छप्पन्न नंबर आला. खिडकीमागच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"काय हवंय?"

"चाळीस वर्षांपूर्वी इथे आमचं लग्न झालं. तेव्हा मी काय बोललो, त्याची प्रत."

"बोललेल्याची प्रत नसते काका. सहीची असते."

"मग नूतनीकरणाचा काही अर्ज?"

"लग्नाचं? त्याची मुदत कुठे संपते?" बाई म्हणाल्या. "मुदत नाही, तर नूतनीकरण नाही. दाखल्याची दुसरी प्रत देते. कारण सांगा. तीन आहेत. हरवला, फाटला, मजकुरात चूक."

"विसरलो, असं नाही का?"

बाईंनी पर्याय पुन्हा वाचले. नव्हतं. शेवटी त्यांनी 'हरवला' वर खूण केली. नाना म्हणाले, दाखला कपाटात आहे. बाई म्हणाल्या, मग तो हरवल्याचं पत्र आणा. नाना खिडकीपाशीच उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून की मागे रांग वाढली म्हणून, कोण जाणे, बाईंनी जुनं रजिस्टर काढलं आणि खिडकीतून त्यांच्याकडे फिरवलं. "वाचा. हात लावू नका."

नाना वाकले. शाई तपकिरी झाली होती. त्यांची सही तेव्हा केवढी ऐटदार होती, खाली दोन रेघा! माईंची लहान, सरळ. साक्षीदार पहिली: अक्का. दुसरे: एक शेजारी, आता हयात नसलेले. तिसरे साक्षीदार मामा असायला हवे होते. पण तिथे मामांचं नाव नव्हतं. गावातल्या एका छायाचित्रकाराची सही होती.

मग नानांना हळूहळू आठवलं. मामांची सायकल वाटेत पंक्चर झाली होती. ते पोचले तेव्हा सगळे समोरच्या हॉटेलात चहा पीत होते. ज्या माणसाने या कानांनी ऐकलं, त्याचे कान तेव्हा दोन किलोमीटर लांब होते. आणि तिसरा साक्षीदार हवा म्हणून फोटो काढायला आलेल्यालाच सही करायला लावली होती.

छायाचित्रकारांचा स्टुडिओ अजून होता. आता तिथे फक्त ओळखपत्राचे फोटो निघत, आणि तेही मुलगा काढायचा. म्हातारबुवा मागच्या खोलीत बसत. भिंतीला लागून बिस्किटांचे पत्र्याचे डबे रचलेले, प्रत्येकावर साल.

"तुमचं लग्न ना? बसा. रोल फेकत नाही मी," ते म्हणाले आणि तिसऱ्याच डब्यात त्यांना पट्टी सापडली. मागे दिवा लावून त्यांनी ती धरली. बारा चौकटी. काळ्या दातांची, पांढऱ्या केसांची उलटी माणसं. नाना भिंग घेऊन बघत होते. सही करताना अक्का. सही करताना माई. मग माई बोलताना, एक, दोन, तीन चौकटी. हात हलवून बोलत होत्या. चोवीस-पंचवीस वर्षांच्या, एक वेणी पुढे आलेली. नानांना एकदम त्या खोलीतला पंखा आठवला. तो फिरताना दर खेपेला एकाच जागी 'टक' करायचा.

"आणि माझं बोलणं कुठे?"

"तुम्ही बोललाच नाहीत."

"मी बोललो. फोटो आहे. घरी भिंतीवर आहे, मोठा करून."

"बारावी चौकट. माझ्याकडे तेवढी एकच उरली होती, तुमच्यासाठी ठेवलेली. तुम्ही उभे, गप्प. साहेब घड्याळ बघताहेत, दारात पुढचं जोडपं. मी डोळा लावून बसलोय. शेवटी एकदाचं तुम्ही तोंड उघडलंत, मी बटण दाबलं, आणि तुम्ही शिंकलात."

नाना बारावी चौकट बघत राहिले. एकदा कळल्यावर ती दुसरं काही वाटेचना.

"मी महिनाभर सराव केला होता," ते म्हणाले. "मीटरच्या चाचणीला पाणी सोडलं की खोलीत कुणाला काही ऐकू यायचं नाही. तेव्हा मोठ्याने म्हणायचो. रोज." तेच त्यांना चाळीस वर्षं आठवत आलं होतं. सराव इतका पक्का झाला होता की प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीला आत शिरायला जागाच मिळाली नव्हती.

"मग बाईच हसल्या," छायाचित्रकार पट्टी गुंडाळत म्हणाले. "म्हणाल्या, 'घरी गेल्यावर सांगा.' तुम्ही म्हणालात, 'सांगतो.' एवढंच काय ते बोललात. नंतर सांगितलं असणारच म्हणा."

नानांनी त्यांचे आभार मानले आणि चप्पल घालायला खाली वाकले. नेहमीपेक्षा जास्त वेळ ते वाकलेले होते.

घरी आले तर माई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. "झालं का पाठ?"

"होतंय."

"लांबलचक नाहीये काही."

"नाही," नाना म्हणाले. आणि फोटोकडे न बघता आत गेले.

पुढचे दिवस त्यांनी वही घेऊन काढले. लिहायचं, खोडायचं. पन्नास मजकूर खोडून झाले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की अडचण शब्दांची नाहीच. चाळीस वर्षांत त्यांनी माईंना नळाची वेळ सांगितली होती, गॅस संपल्याचं सांगितलं होतं, पावसाचा अंदाज सांगितला होता. ते एवढं एक सोडून. आणि माईंनी एकदाही आठवण करून दिली नव्हती. इतक्या वर्षांत एकदाच, त्या रविवारी.

सोहळा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होता. अकरा ते एक. जावयांनी वेळापत्रक दारावर चिकटवलं होतं. अक्का अकरा दहा ते अकरा अठरा, मामा अकरा अठरा ते अकरा चोवीस, अशी सगळी सुटण्याच्या वेळेसकट आखणी. नानांची वेळ बारा शेहेचाळीस ते बारा अठ्ठेचाळीस.

पहिली गाडीच उशिरा सुटली. अक्कांनी आधी सगळ्यांना शांत बसायला सांगितलं आणि मग नानांच्या जन्मापासून सुरुवात केली. नाना चालायला लागेपर्यंत साडेअकरा वाजले. बुधवारचा विषय पावणेबाराला आला आणि उपस्थितांकडून त्याला मान्यता घेण्यात आली. मामांचा ध्वनिक्षेपक शिट्ट्या मारायला लागला. तो दुरुस्त करताना मामा त्यातूनच बोलत होते, त्यामुळे 'विशेषतः धाकट्या भावाचा' हे शब्द रस्त्यापलीकडे पोचले.

"मामा, तुम्ही होता का तिथे?" नानांनी हळूच विचारलं.

"मनाने तर होतो!" मामा ध्वनिक्षेपकातून म्हणाले.

लेकीने दोन पानं लिहून आणली होती. पहिल्याच ओळीला ती रडायला लागली आणि सात मिनिटं डोळेच पुसत राहिली. जावई हातातल्या घड्याळाकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघत होते. अर्जवाल्या काकांनी मसुदा वाचला, मग त्याची दुसरी प्रत वाचली. प्रती तीन होत्या, पण तिसरी मामांनी ध्वनिक्षेपकाखाली घडी करून सरकवली होती.

माई थोडक्यात बोलल्या. पाच वाक्यं. पहिल्या खेपेला बोलल्या होत्या तीच असावीत, कारण बोलताना त्यांचा हात तसाच हलत होता.

मग एक वाजला. सभागृहाचा शिपाई किल्ल्या वाजवत आत आला. मागोमाग बुद्धिबळ मंडळाची माणसं. दीड वाजता त्यांची स्पर्धा होती. काखेत पट आणि घड्याळं घेऊन ती भिंतीला टेकून गप्प उभी राहिली.

जावई नानांच्या कानाशी आले. "बाबा, वाईट वाटतंय, पण तुमची फेरी रद्द करावी लागणार."

"हो रे नान्या," अक्का म्हणाल्या, "घरी जाऊन बोल. घरी कोण अडवतंय?"

"घरीच निवांत बोला भावोजी," मामा म्हणाले. "वायरी सोडतो मी."

माईंनी पर्स खांद्याला अडकवली होती.

"नाही," नाना म्हणाले. "इथेच. आत्ता."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. शिपाई मात्र थांबला नाही. त्याला दहा टेबलं मांडायची होती. पहिलं टेबल त्याने आणून बरोबर नाना आणि माईंच्या मधे ठेवलं, समोरासमोर दोन खुर्च्या सरकवल्या आणि दुसरं आणायला गेला. मंडळाच्या जाड चष्म्याच्या चिटणीसांनी सवयीने त्यावर पट उलगडला, शेजारी शून्यापासून मोजणारं दोन तोंडांचं घड्याळ ठेवलं. नाना बसले. माई पर्ससकट समोर बसल्या.

"मी शिंकलो होतो," नाना म्हणाले.

चिटणीसांनी घड्याळाचं बटण दाबलं. का दाबलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन माणसं समोरासमोर बसली की त्यांचा हात जायचाच.

"एक्स्चेंजचा जिना बत्तीस पायऱ्यांचा होता," नाना म्हणाले. वही त्यांनी काढलीच नाही. "तुझी पाळी चारला सुटायची. खालून चौथ्या पायरीवर तू थांबायचीस आणि चपलेचा पट्टा नीट करायचीस. मी समोर छत्र्यांच्या दुकानापाशी असायचो. तुला वाटायचं, मी नुकताच पोचलोय. मी साडेतीनपासून उभा असायचो. दुकानदाराने तीनदा विचारलं, छत्री हवी का? तिसऱ्यांदा लाजेने घेतली. आपल्या घरात त्या काळ्या छत्र्या तीन का आहेत, तर असं चार वर्षांत तीनदा झालं."

टेबलं मांडली जात होती. अक्कांची खुर्ची मागायला शिपाई आला तेव्हा अक्कांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. बुद्धिबळवाले जवळ सरकले. त्यांना असं गोल उभं राहून न बोलता बघण्याची सवय होती.

नाना पहिल्या घराच्या नळावर आले. पाणी पहाटे यायचं, माई बादली भरताना गुणगुणायच्या. नाना जागे असायचे, पण डोळे मिटून पडून राहायचे, कारण उठले की गुणगुणणं थांबायचं. बादली भरायला चार मिनिटं लागत. नळ बदलून मोठा घ्यावा असं माई वर्षभर म्हणत होत्या. नाना पाणीखात्यातले असूनही वर्षभर तो मिळत नव्हता, त्याचं कारण हे.

"काय माणूस आहे!" अक्का म्हणाल्या. लेकीने त्यांचा हात दाबला.

मग लेकीचा जन्म, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात विसरलेला डबा. माईंच्या बदलीचं वर्ष, जेव्हा नाना रोज त्यांच्या एक्स्चेंजला फोन करून चुकीचा नंबर मागायचे, कारण नंबर चुकला की ऑपरेटर बोलते. "नऊ वेळा तूच उचललास. तू म्हणायचीस, 'कृपया नंबर तपासून पाहा.' मी म्हणायचो, 'बरं.'" माईंचे निवृत्तीचे दिवस, पहिल्या आठवड्यात त्या झोपेत 'हॅलो' म्हणायच्या. नाना त्यांना उत्तर द्यायचे.

"उत्तर?" माई म्हणाल्या.

चिटणीसांनी दुसरं बटण दाबलं.

"मी विचारायचो, कोण बोलतंय? तू म्हणायचीस, एक्स्चेंज. मग झोपायचीस शांत."

बटण पुन्हा पहिल्या बाजूला गेलं होतं. बोलताना नाना दोनदा थांबले. पहिल्यांदा त्यांनी टेबलावरचा पट सरळ केला. दुसऱ्यांदा कशासाठी थांबले, ते कळलं नाही. शिपाई हातात टेबलाचं एक टोक धरून तसाच उभा राहिला.

"सराव केलेलं होतं, ते आठवत नाही," नाना शेवटी म्हणाले. "हे आठवतं. घरी गेल्यावर सांगायचं होतं. उशीर झाला."

माईंनी पर्स खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली. "एक्स्चेंजला वरच्या मजल्यावर खिडकी होती," त्या म्हणाल्या. "साडेतीनला तुम्ही यायचात. मी सगळ्या बोर्डांवरच्या मुलींना सांगून ठेवलेलं. चारच्या आधी मला सोडू नका, ते अजून छत्र्या बघताहेत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आवाज फोनवर ओळखला नसेल, असं वाटलं तुम्हाला?"

चिटणीसांनी घड्याळ थांबवलं आणि नोंदीच्या वहीत, पहिल्या टेबलाच्या ओळीत, दोन्ही बाजूंचे आकडे लिहिले. नाना: सदतीस मिनिटं बारा सेकंद. माई: एकवीस सेकंद.